घेवड्याची पूड आणि माझी एक ओळ

वजन वाढलं, पोट सुटलं, गुडघे बोलायला लागले, हे आपण बायका चारचौघींत सांगत नाही. त्यावरचं औषध मात्र चारचौघींनी सांगितलेलंच घेतो. मीही घेतलं, आणि सोळा दिवस दवाखान्यात काढले. जी कोणी आत्ता स्वयंपाकघरात अशाच एखाद्या डब्याचं झाकण उघडून उभी असेल, तिने चमचा बाजूला ठेवून एवढं वाचावं. मी डॉक्टर नाही. पण माझ्या आजारात डॉक्टरांना जे सहा दिवस कळलं नाही ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि मी सांगितलं नाही. म्हणून आजाराच्या आधी माझी चूक सांगते.

घरातले कागद

माझे बाबा वाशिंदच्या एका कारखान्यात कामाला होते. पाळी संपली की युनियनचं काम. आमचं गाव शहापूरच्या अलीकडे, घर दोन खोल्यांचं, आणि त्या दोन खोल्यांत माणसांपेक्षा पत्रकं जास्त. फडताळात पत्रकं अंथरलेली, वह्यांना पत्रकांची कव्हरं, पावसाळ्यात खिडकीच्या फटीत पत्रकांचे बोळे. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. पहिलीत बाईंनी 'क'चा शब्द विचारला तेव्हा सगळी पोरं कमळ म्हणाली. मी कामगार म्हणाले.

पुढे मीही पत्रकं लिहायला लागले. दारूच्या गुत्त्याविरुद्ध, रेशनच्या काळ्या बाजाराविरुद्ध, मुलगी दाखवण्याच्या पद्धतीविरुद्ध. शहापूरला एका छापखान्यात कॉम्प्युटरवर मजकूर जुळवण्याची नोकरी लागली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशक्रियेची कार्डं, निवडणुकीत हँडबिलं. काम मनासारखं होतं. कागदाशीच होतं ना.

२००४-०५च्या सुमाराची ही गोष्ट. मी पंचविशीची होते आणि वजन एकाहत्तर किलो.

मोकळी जागा

एक दिवस छापखान्यात मोटरसायकलवरून एक माणूस आला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. वजन कमी करणाऱ्या पावडरीचं हँडबिल छापायचं होतं.

"ताई, एकदम झकास जुळवा. मुरबाडच्या बाजारात वाटायचंय, शहापुरात, पार खर्डीपर्यंत."

मजकूर त्याने हाताने लिहून आणला होता. पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची पूड. शहरात ज्याला राजमा म्हणतात त्याचा हा गोरा भाऊ. जेवणाआधी गार पाण्यातून अर्धा चमचा घ्यायची, मग खाल्लेला भात अंगाला लागत नाही. आमच्याकडे या वाक्याला किती वजन आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्या भागात डॉक्टर भात सोडा म्हणाला की माणूस डॉक्टर सोडतो. आणि हा म्हणत होता, भात खा आणि बारीक व्हा.

मी विचारलं, "शिजवून घेतली तर नाही चालत?"

"छे. आच लागली की गुण गेला. आपण म्हणूनच नुसती उन्हात वाळवून दळतो."

ते मी ऐकलं आणि जुळवत राहिले. माझी आई वाल भिजवते, मोड आणते, एकेक दाणा सोलते आणि मग शिजवते. तिसऱ्या दिवशी ते ताटात येतात. आयुष्यभर हे पाहिलेल्या मुलीने त्या वाक्यापाशी थांबायला हवं होतं. मी त्या वेळी टाइपाचा आकार बघत होते.

मजकूर बसवला तर खाली दोन ओळींची जागा उरली. छापखान्यात मोकळी जागा डोळ्याला खुपते. एरवी तिथे आम्ही एखादं फूल टाकतो, नाहीतर 'आपला नम्र'. मला पत्रकांची सवय. मी विचार न करता लिहिलं : "घेवडा म्हणजे आपलं अन्न. अन्नाचा अपाय कसला?"

माणूस खूश झाला. "व्वा ताई, ही ओळ सगळ्यात भारी." जाताना त्याने मला पावडरीचा एक डबा भेट दिला.

तो डबा मी परत केला नाही, याचं कारण सांगायला लाज वाटते, तरी सांगते. त्याच्या पंधरा दिवस आधी, मुलगी दाखवण्याविरुद्ध पत्रक काढणारी मी, बदलापूरहून आलेल्या पाहुण्यांसमोर पोह्यांच्या बशा घेऊन बसले होते. आईसाठी बसले, असं स्वतःला सांगितलं होतं. निघताना मुलाची मावशी हसत म्हणाली, "मुलगी छान आहे हो. फक्त फोटोत दोघं उभी राहिली तर आमचा मुलगा दिसायचा नाही."

बाबांनी त्यांना दाराबाहेरच्या त्यांच्याच चपला दाखवल्या. मी हसले. पण ते वाक्य माझ्याबरोबर झोपायला यायचं.

गुण येतोय

पहिल्या आठवड्यात पोट फुगायचं, मुरडा यायचा. तो माणूस दुसरं काम घेऊन आला तेव्हा मी त्याला हळूच विचारलं. म्हणाला, "चांगलं लक्षण आहे ताई. साचलेलं बाहेर पडतंय. गुण येतोय."

कारखान्याच्या मालकाने असं काही सांगितलं असतं तर मी त्याला दहा प्रश्न विचारले असते. इथे एकही विचारला नाही. दुकानातल्या काट्यावर तीन किलो कमी भरले. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं हे खरंच होतं. ते पोटात राहतच नव्हतं. मी अर्ध्याचा एक चमचा केला, एकाचे दोन. डबा भांड्यांच्या फळीवर मोठ्या पातेल्यामागे लपवायची. बाबांच्या घरात असला डबा म्हणजे मालकाचा फोटो लावल्यासारखं.

दोन चमचे घेतलेल्या दिवशी, छापखान्यात पोचून तास-दीड तास झाला असेल. कोणाच्या तरी बारशाची पत्रिका जुळवत होते. पोटात एकदम कोणीतरी पिळा घातल्यासारखं झालं. उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. दुपारपर्यंत उभं राहता येईना. छापखान्यातल्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

काय खाल्लं होतं

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. सलाइन लावता लावता त्यांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

दाराशी आई उभी होती. बाबांना कारखान्यात निरोप गेला होता. माझ्या डोळ्यांसमोर ते पातेलं आलं, पातेल्यामागचा डबा, आणि बाबांचा चेहरा.

"बाजारात भजी खाल्ली," मी म्हणाले.

"बाकी काही? गोळ्या, जडीबुटी, गावठी औषध?"

"नाही."

उलट्या दुसऱ्या दिवशी थांबल्या, पण लघवी होईना. रक्त तपासलं. क्रिएटिनिन नावाचा एक आकडा असतो, तो वाढला होता. डॉक्टरीणबाईंनी आईला समजेल असं सांगितलं, "अंगातलं पाणी फार गेलंय. मूत्रपिंडं रुसलीत. दोन दिवसांत हसली तर बरं, नाहीतर कल्याणला पाठवावं लागेल."

मूत्रपिंड हा शब्द त्याआधी मी फक्त पाठ्यपुस्तकात वाचला होता. माझ्या अंगात ती आहेत, आणि ती रुसू शकतात, हे पलंगावर पडून छताच्या पंख्याकडे बघताना कळलं. माणूस मरणाला भितो म्हणतात. मी त्यापेक्षा कल्याणला भीत होते. आमच्या आळीतून कल्याणला नेलेली दोन माणसं परत आली नव्हती.

वॉर्ड

बायकांच्या वॉर्डात आठ खाटा. सकाळी फरशी पुसली की फिनेलचा वास, त्यावर चहाचा वास. सिस्टर दर चार तासांनी मापाच्या भांड्यात लघवी बघायच्या आणि तक्त्यावर आकडा लिहायच्या. आई त्या आकड्याची वाट बघायची. आकडा वाढला की पदराला हात पुसून शेजारच्या खाटांना सांगायची, "दीडशे झाली." सगळा वॉर्ड माझी लघवी मोजत होता. आधी लाज वाटली. पाचव्या दिवशी साडेसातशे झाली तेव्हा समोरच्या खाटेवरच्या बाईने साखर वाटू का म्हणून विचारलं.

डाव्या हाताच्या खाटेवर सोमीबाई होती. उंबरमाळीच्या वरच्या पाड्यातली, साठीची. बांबू तोडताना कोयता पायावर बसला होता. तिला भेटायला रोज पाड्यावरचं कोणीतरी यायचं आणि खाटेखाली बसून राहायचं. एकदा तिने मला विचारलं, "तुज्या बापाला घरदार नाय का? इथं बसून काय लिवतो?"

बाबा लिहीतच होते. पाळी संपली की थेट दवाखान्यात यायचे, माझ्या कपाळावर हात ठेवायचे, 'बरी आहेस ना सुनी' विचारायचे, आणि मग स्टुलावर बसून मांडीवर वही घ्यायचे. बाजारातल्या उघड्यावरच्या भज्यांविरुद्ध त्यांनी पत्रक लिहायला घेतलं होतं. आदल्या दिवशी जाऊन ते भजीवाल्या बाईंना जाब विचारून आले होते. ती म्हणे रडली. म्हणाली, माझ्या गाडीवर तुमची मुलगी आलीच नाही.

"खोटं बोलतात ही माणसं," बाबा म्हणाले.

मी भिंतीकडे तोंड केलं.

आईचा चमचा

सहाव्या दिवशी सकाळी आईने डब्यातून पेज आणली. वॉर्डात कोणाचं लक्ष नाही असं बघून तिने पिशवीतून दुसरं काहीतरी काढलं. माझाच पावडरीचा डबा.

"आई, हे कुठून…"

"पातेल्यामागनं. माझ्याच स्वयंपाकघरात माझ्यापासून लपवतेस व्हय गो?" ती खाली वाकून कुजबुजत होती. "मला पहिल्यापासनं ठावं होतं. बोलले नाय. म्हटलं, घेतेय तर घेऊ दे, त्या मावशीचं बोलणं लागलंय पोरीला. आता सहा दिवस खंड पडलाय. गुण जाईल सगळा."

त्या क्षणी मी नको म्हणू शकत होते. पण पाच दिवस एकच गोष्ट स्वतःला घोकून सांगितली होती, की पावडरीचा काही संबंध नाही, दुसरंच काही बाधलं. नको म्हटलं असतं तर ते खोटं पडलं असतं. आणि आईने तो चमचा इतक्या मायेने पुढे केला होता. वाटीत पाणी ओतून तिने पूड कालवली, गुठळ्या बोटाने मोडल्या. मी प्याले.

दोन तासांत उलट्या सुरू. सिस्टर धावल्या, बंद केलेलं सलाइन परत लागलं. आई माझं कपाळ धरून उभी. वांती ओसरली तेव्हा शेजारच्या खाटेवरून सोमीबाई म्हणाली, "बाय, तो डबा दे बगू इकडं."

आईने दिला. सोमीबाईने चिमूट तळहातावर घेतली, नाकाशी नेली, जिभेच्या शेंड्याला लावली आणि कोपऱ्यातल्या भांड्यात थुंकली.

"ह्ये कच्चं हाय. शिजवलं नाय कोनी."

"औषध आहे ते," आई म्हणाली.

"कसलं औशद. दाना हाय दळलेला." मग माझ्याकडे बघून ती सावकाश सांगू लागली, जसं काही नातवाला सांगते आहे. "आमच्याकडं रानात अबईच्या शेंगा व्हतात. मोठ्या, अशा हाताएवढ्या. त्यातला दाना आमी उकळतो, पानी वतून देतो. पुन्ना उकळतो, पुन्ना वततो. तीन येळा. मंग खातो. लेकरू जरी भुकेनं रडलं तरी पयल्या पान्याचा नाय देत. दान्यात त्येचं भांडन असतं बाय. त्येला खाऊ नये म्हून देवानं दिलेलं. ते पान्यात काडून टाकायचं, मंग तो आपला."

आई खाटेच्या कडेवर बसली. हातात तीच वाटी. तिने वाल आयुष्यभर भिजवले होते. सोमीबाई काय म्हणते आहे ते तिला माझ्याआधी कळलं.

"मी घातलं तिच्या तोंडात," ती म्हणाली. कोणाला म्हणाली कोणास ठाऊक. मग तिने एकदम मान वर केली. "सुनी, वन्सं पण घेतायत गो हे."

जनाआत्या

वन्सं म्हणजे बाबांची मोठी बहीण, माझी जनाआत्या. मुरबाडच्या पुढे सिद्धगडाच्या पायथ्याशी एका वाडीत एकटी राहते. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा आई दोन वर्षं अंथरुणाला होती, आणि ती दोन वर्षं मी आत्याकडे वाढले. ती मला खांद्यावर बसवून ओढा ओलांडायची. तिला साखरेचा आजार आहे, रोजची गोळी आहे. भात कमी करा म्हणून डॉक्टर सांगून थकले होते.

मुरबाडच्या बाजारात तिला ते हँडबिल मिळालं. आत्याला वाचता येत नाही. बालवाडीच्या बाईकडून तिने ते वाचून घेतलं. मग आईला निरोप धाडून विचारलं, की हे आपल्या सुनीच्या छापखान्यातलंच ना? आईने हो सांगितलं. एवढंच नाही, कौतुकाने सांगितलं, की शेवटची ओळ तर सुनीनं स्वतः लिहिलीय. मीच एकदा हसत हसत आईला ते बोलून गेले होते.

"मग घेते म्हणाल्या," आई म्हणाली. "सुनीनं लिहिलंय तर घेते."

दुपारी बाबा आले. मला परत सलाइन बघून त्यांचा चेहरा उतरला. पण स्वभाव जात नाही. स्टुलावर बसून त्यांनी वही उघडली. "आज हे संपवतोच. ऐक. 'तेलाच्या कढईत आज कष्टकऱ्यांचं आरोग्य तळलं जात आहे.' कसं आहे?"

"बाबा, मी भजी खाल्ली नव्हती."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

मी डबा पुढे केला. त्या माणसाने प्रत्येक डब्यात एक हँडबिल घडी करून घातलेलं असायचं. बाबांनी घडी उलगडली आणि सवयीने सभेच्या आवाजात वाचायला लागले. दोन ओळींनंतर आवाज खाली आला. शेवटी ते थांबले.

"शेवटचं वाक्य ह्या माणसाचं वाटत नाही," ते म्हणाले. "ह्याला लिहिता येत नाही. शेवटचं वाक्य ज्यानं लिहिलं त्याला येतं."

"ते मी लिहिलं."

"त्याने सांगितलं लिहायला?"

"नाही. जागा उरली होती."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी वहीतलं भज्यांचं पान फाडलं, चार तुकडे केले, खिशात ठेवले. मग आईने आत्याचं सांगितलं.

बाबा स्टुलावरून उठले.

डॉक्टरीणबाईंना मीच सांगितलं. सगळं. त्या रागावल्या नाहीत, त्याने जास्त लागलं. म्हणाल्या, "सहा दिवस मी चुकीच्या गोष्टीमागे होते, आणि तू मला जाऊ दिलंस." मग लगेच बाबांकडे वळल्या. "तुमच्या बहिणीला साखरेची गोळी आहे? पोट दुखतं म्हणून त्या जेवत नसतील आणि गोळी चालू असेल, तर साखर एकदम उतरते. माणूस चालता चालता पडतो. फोन आहे तिथे?"

फोन नव्हता. बाबा चारच्या मुरबाडच्या एस.टी.ने निघाले. मुरबाडहून पुढची गाडी, आणि मग चालत.

वाट

ती संध्याकाळ आणि दुसरा दिवस अर्धा, या आजारातलं सगळ्यात मोठं दुखणं तेच. लघवीचा आकडा परत घसरला होता. सिस्टर सांगायच्या, मी ऐकायची नाही. आई खाटेशी बसून माझे पाय चेपत होती आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. ती स्वतःला दोष देत होती आणि मी स्वतःला. दोघींना एकमेकींची समजूत काढायची होती. कोणाला जमेना.

शेवटी मीच म्हणाले, "आई, तू दिलंस ते मायेने दिलंस."

"माया काय करायची? घेवडा नाय शिजत मायेनं," आई म्हणाली.

शेजारी सोमीबाई फसकन हसली. मग आई हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. सोमीबाईने स्वतःच्या खाटेवरून हात लांब करून तिच्या पाठीवर ठेवला. पाय बांधलेला असल्यामुळे तिला त्याहून जवळ येता येत नव्हतं.

"येल तुजी नणंद," ती म्हणाली. "डोंगराखालची बाय हाय. अशी वाटंवर नाय पडायची."

पडली होती. बाबा पोचले त्याच्या आदल्या दिवशीच, वालाच्या वावरात. घामाने चिंब, भलतंच बडबडत होती. शेजारणीने तोंडात गुळाचा खडा कोंबला म्हणून वाचली. तरी पावडर चालूच होती. कारण पडण्याचा आणि पावडरीचा संबंध तिला कोणी सांगितला नव्हता. बाबांनी जाऊन डबा ओढ्यात ओतला, तिला मुरबाडच्या डॉक्टरांना दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जीपच्या मागच्या बाकावर आडवी घालून शहापूरला आणलं. सुनीला बघितल्याशिवाय मी घरी जात नाय, असं तिने धरलं होतं.

बाबांच्या खांद्याला धरून ती वॉर्डात आली. पाय फेकत, पण स्वतःच्या पायांवर. माझ्याकडे बघत उभी राहिली.

"काय गो, तू पन तीच पावडर? मी म्हटलं, मी म्हातारी म्हून मला बाधली."

घेवड्याबद्दल

डॉक्टरीणबाईंनी नंतर सवड काढून समजावलं, ते माझ्या शब्दांत सांगते. कच्च्या घेवड्यात, राजम्यात एक द्रव्य असतं. ते आतड्याला धरतं. चांगलं भिजवून, पाणी फेकून, खळखळ उकळून शिजवलं की ते मरतं. नुसतं ऊन देऊन, दळून मरत नाही. मूठभरसुद्धा लागत नाही, कच्चे चार-पाच दाणे माणसाला आडवं करतात.

सगळ्याच पावडरी अशा असतात का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही. काही ठिकाणी ते द्रव्य नीट काढून टाकलेलं असतं, त्याने बहुतेकांना वात आणि पोटफुगीच होते. वजन किती उतरतं, ते फार मोठं नाही. पण डब्यावर बघून तुला कळणार आहे का आत काय केलंय? आणि साखरेची गोळी असेल, पोटात बाळ असेल, अंगावर पाजत असशील, तर चांगल्यातली चांगली पावडरही विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

आणखी एक म्हणाल्या, ते मी मोठ्या अक्षरांत लिहिते. डॉक्टरने काय खाल्लं विचारलं तर खरं सांगा. लाजेचं औषध दवाखान्यात नसतं.

आत्याची खाट

आत्याला चार दिवस ठेवून घेतलं, माझ्यापासून तिसऱ्या खाटेवर. दोन दिवस तिला सांगायचा धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी सलाइनचा खांब ढकलत तिच्याकडे गेले आणि सांगितलं. ती ओळ मी मनाने लिहिली, मला काही माहीत नव्हतं, जागा मोकळी होती म्हणून लिहिली.

आत्या उठून बसली. मग म्हणाली, "मोकळी व्हती तर मोकळी ठेवायची."

तिने मला जवळ ओढलं आणि खरबरीत हाताने तोंडावरून हात फिरवला. तिच्याकडून मार खायची तयारी करून गेले होते. त्याहून हे अवघड होतं.

माझा क्रिएटिनिनचा आकडा हळूहळू खाली आला. कल्याण टळलं. सोळाव्या दिवशी घरी सोडलं. त्या सोळा दिवसांत नऊ किलो उतरले, हे लिहायला नको होतं, पण कोणीतरी विचारेलच म्हणून लिहिते. सहा महिन्यांत ते परत आले आणि आईने देवाला नारळ फोडला.

पहिल्यांदा नीट चालता यायला लागल्यावर बाबा आणि मी बाजारात भजीवाल्या बाईंकडे गेलो. बाबांनी माफी मागितली, मीही. त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही. कढईतलं उलटत म्हणाल्या, "खायची तर खा, नायतर पुढं व्हा, गिऱ्हाईक खोळंबलंय." आम्ही खाल्ली. ओव्याच्या पानांची होती. उत्तम होती.

हँडबिलावरचा पावडरवाल्याचा वाशिंदचा पत्ता शोधत बाबा गेले तर तिथे किराणा दुकान निघालं. दुकानदाराने असा माणूस कधी पाहिलाच नव्हता. पण हँडबिलं गेलेली होती, मुरबाडला, शहापूरला, खर्डीला, आणि डबे घराघरांत होते. म्हणून मी नवीन पत्रक लिहिलं. छापखान्याच्या मालकांनी तेवढ्याच प्रती काढून दिल्या, जेवढ्या त्याच्या काढल्या होत्या. सोमीबाईचं तीन पाण्यांचं बोलणं त्यात जसंच्या तसं घातलं. पूड घेऊ नका, घेतली असेल तर डॉक्टरांना सांगा, साखरेची गोळी असेल तर आजच सांगा.

छापायला टाकण्याआधी कच्चा कागद घेऊन वाडीवर गेले. आत्या ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी सगळं वाचून दाखवलं. तिने दाणे टोपलीत टाकत ऐकलं.

"चांगलं हाय. खाली काय हाय?"

"'एक हितचिंतक.' पत्रकाखाली तसंच लिहितात आत्या."

"म्हंजे कोन?"

"म्हणजे मीच."

"मग तुजं नाव कुठाय?"

मी म्हणाले, नाव नाही टाकलं तरी चालतं. खरं तर मला ते नको होतं. आधीच्या ओळीचं लोकांना कळलं तर छापखान्यात कोण काय म्हणेल, बदलापूरपर्यंत काय जाईल, सगळं मनात होतं.

आत्याने हातातली सालं झटकली. "गो सुने, मागच्या टायमाला नाव नव्हतं, तरी मी तुजं म्हून घेतलं. मला ठावं होतं. बाकीच्यांना कुठं ठावं? नाव टाक. पुरं टाक, बापाचं, गावाचं. मागची वळ पन तूच लिवलीस ते पन टाक. कोनाला शिव्या द्यायच्या त्या बायांना कळलं पायजे."

"आणि दिल्या तर?"

"देऊ दे ना. वाडीवर पयल्या मीच देनार हाय," असं म्हणून तिने टोपली माझ्या पुढ्यात सरकवली. "तवर सोल."

मी कागदावर पेनाने नाव लिहिलं, बापाचं, गावाचं, आणि त्याखाली, आधीच्या हँडबिलातली शेवटची ओळ माझी होती. मग कागद बाजूला ठेवून सोलायला बसले.